हँडिकॅप म्हणजे 'हातात टोपी'? साफ खोटं

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. 'हँडिकॅप्ड' शब्द वापरू नका. इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याने लढाईत अधू झालेल्या सैनिकांना हातात टोपी घेऊन भीक मागायची परवानगी दिली, त्यावरून तो आला. आता डिक्शनरीतूनही काढलाय. तासाभरात ताईचा फोन. तिला लहानपणी पोलिओ झाला, पायात कॅलिपर आहे, रोज लोकलच्या हँडिकॅपच्या डब्यातून कामाला जाते. "म्हणजे इतकी वर्षं मी भिकाऱ्यांच्या डब्यातून जातेय का रे?" तिने विचारलं. तेव्हापासून डोकं फिरलंय.

टोपी खरी आहे, भीक नाही. शब्द आला 'हँड इन कॅप'वरून, म्हणजे हात टोपीत. टोपी हातात नव्हे. हा अदलाबदलीचा खेळ होता. दोघांनी आपापली वस्तू पुढे करायची, कमी किमतीची वस्तू देणाऱ्याने वर किती पैसे द्यायचे ते तिसऱ्याने ठरवायचं. तिघांचेही थोडे पैसे टोपीत. मग दोघांनी टोपीत हात घालायचा आणि एकदमच बाहेर काढून सौदा मान्य की नाही ते दाखवायचं. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने १८ सप्टेंबर १६६०च्या रोजनिशीत लिहिलंय की मित्रांबरोबर मायटर नावाच्या खानावळीत तो हा खेळ खेळला, आधी माहीत नव्हता, पण फार आवडला. नाव 'हँडिकॅप'च. त्यात ना सैनिक, ना भिकारी.

अठराव्या शतकात हाच शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. तिथेही तिसरा माणूस ठरवायचा, कोणत्या घोड्यावर किती जादा वजन. त्यावरून अडथळा, मग अडचण, असा अर्थ सरकत गेला. माणसाच्या अपंगत्वासाठी तो रुळला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. सातवा हेन्री वारला १५०९ मध्ये. त्याच्या सैनिकांवरून पडलेला शब्द चारशे वर्षं कुठे दडून बसला होता?

भिकेच्या परवान्यांचं म्हणाल तर ते होते. पण ते त्याच्या मुलाच्या, आठव्या हेन्रीच्या, १५३१च्या कायद्यातले. आणि त्यांचा या शब्दाशी काही संबंध नाही.

डिक्शनरीतून काढलाय हे तर उघडच खोटं, उघडून बघा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरही हँडिकॅप शर्यती होतात.

हा शब्द आज माणसासाठी वापरू नये, हे मलाही मान्य आहे. आपल्या दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यातही माणसासाठी तो वापरलेला नाही. अख्ख्या माणसाला त्याच्या अडचणीचं नाव देणं बरं नव्हे, एवढं कारण पुरे होतं. त्यासाठी भिकाऱ्याची गोष्ट रचून डब्यातल्या प्रत्येकाला ती ऐकवायची काय गरज होती?

ताईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. घोड्यांपाशी तिने मला थांबवलं.

"वजन कुठल्या घोड्यावर ठेवायचे?"

"जो तगडा, त्याच्यावर."

"परत सांग," ती म्हणाली.