कोणाच्या पोराला दाखला, कोणाचं पोर ‘ढ’

माझी बहीण जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. खोट्या दिव्यांग प्रमाणपत्रांच्या बातम्या वाचून तिचं डोकं फिरलं होतं. फोनवर म्हणाली, “ताई, दहावीला एलडीच्या नावाखाली वाढीव वेळ आणि लेखनिक घेणं हे सगळे पैसेवाल्यांचे लाड आहेत. बंद करा एकदाचं.” एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता, बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन किंवा गणित अडणं. तिचा राग मला कळतो, पण बंद करण्याला माझा ठाम विरोध आहे. त्याचं कारण मला इथे, कॅलिफोर्नियात कळलं.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना शाळेत त्याची भाषेची चाचणी झाली. घरात आम्ही फक्त मराठी बोलायचो. बाईंनी लोकरीच्या हातमोज्याचं चित्र पुढे केलं आणि हे काय म्हणून इंग्रजीत विचारलं. त्याने चित्र नीट बघितलं आणि म्हणाला, “हातातला मोजा.” बाईंनी रकान्यात शून्य मांडलं. अशी चार शून्यं झाल्यावर मागच्या बुटक्या खुर्चीवरून मी उठले आणि सांगितलं, तो उत्तरं देतोय, मराठीत देतोय. त्यांनी लगेच पेन्सिल खाली ठेवली. पुढची चाचणी दुभाष्यासह झाली आणि त्याला काहीच अडचण नसल्याचं निघालं.

त्या पेन्सिलीमागे काय इतिहास आहे, ते मला नंतर विशेष शिक्षणाच्या वर्गात मदतनीस म्हणून काम करताना कळलं. १९७० साली कॅलिफोर्नियातल्याच माँटेरे काउंटीतल्या नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांच्या वतीने खटला भरला गेला. इंग्रजीतून बुद्ध्यंक मोजून त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं. स्पॅनिशमधून पुन्हा चाचणी घेतल्यावर त्यांतली बहुतेक त्या वर्गाची नव्हतीच असं दिसलं. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलं होती २८.५ टक्के, आणि मतिमंदांच्या वर्गात ६६ टक्के. त्यावरच्या लॅरी पी. खटल्यात न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी १९७९ साली निकाल दिला, की कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गात घालण्यासाठी बुद्ध्यंक चाचण्या वापरायच्या नाहीत. माझ्या मुलाच्या बाजूने कायदा उभा राहिला, तो या लोकांच्या लेकरांनी आधी सोसलं म्हणून. हे मी विसरू शकत नाही.

प्रश्न संपलेला नाही. २०२१-२२ च्या सरकारी आकड्यांत मूळ अमेरिकी विद्यार्थ्यांपैकी १९ टक्के, कृष्णवर्णीयांपैकी १७ टक्के मुलं विशेष शिक्षणात होती, आशियाई मात्र ८ टक्के. अंधत्व किंवा बहिरेपण डॉक्टर तपासतात. फरक जास्त दिसतो तो ‘भावनिक समस्या’ किंवा बौद्धिक अक्षमता यांसारख्या ठिकाणी, जिथे सुरुवात शिक्षकाच्या मतापासून होते. वर्गात उलट बोलणारा एक मुलगा खोडकर ठरतो, दुसऱ्याची फाइल उघडते.

यालाही दुसरी बाजू आहे. पॉल मॉर्गन या शिक्षण संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडलं, की सारखे गुण आणि सारखी घरची परिस्थिती असलेली मुलं शेजारी ठेवून पाहिली, तर अल्पसंख्य मुलांना मदत उलट कमीच मिळते. यावर इथे कडाक्याचं भांडण आहे. मला दोन्ही खरं वाटतं. एकाला नको तो शिक्का बसतो आणि दुसऱ्याला हवी ती मदत मिळत नाही. आपल्या मराठी घरांतच पाहते ना! मुलाला अक्षरं लागत नाहीत हे आईला दुसरीपासून ठाऊक असतं, पण “लोक काय म्हणतील” म्हणून तपासणीच्या कागदावर सही होत नाही. आशियाईंचा आकडा ८ टक्क्यांवरच राहतो, त्यामागे अशी घरंही असणार.

पण इथे निदान भांडायला आकडा तरी आहे. कोणत्या वंशाची किती मुलं विशेष शिक्षणात गेली, हे कायद्याने मोजावंच लागतं. प्रमाण फार बिघडलं तर अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून विशेष शिक्षणासाठी आलेल्या पैशातला १५ टक्के हिस्सा मुलांना लवकर मदत पोहोचवण्यासाठी बाजूला काढावा लागतो.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली. मुंबईत सायन, नायरसारख्या रुग्णालयांतून दाखला मिळतो. पण वाद रंगतो तो खऱ्या-खोट्याचाच. दाखला मिळालेली मुलं कोणत्या तालुक्यातली, कोणत्या माध्यमातली, कोणत्या प्रवर्गातली, हे मोजून बोर्डाने दरवर्षी जाहीर करावं, अशी माझी मागणी आहे. खोट्यांना जरूर पकडा. पण ज्यांच्यापर्यंत तपासणीच पोहोचली नाही, ती मुलं या वादात कोणाच्या तोंडी येतच नाहीत.

बहिणीला मी विचारलं, “तुझ्या शाळेत दाखला किती जणांकडे आहे?”

“एकाकडेही नाही.”

“आणि वाचताच येत नाही असे?”

ती जरा थांबली. मग नावं घेऊन मोजू लागली. चौथं नाव ठाकरवाडीच्या, म्हणजे ठाकर आदिवासींच्या वस्तीवरच्या, एका पोराचं निघालं. तोंडी हिशेब झटकन करतो, फळ्यावरचं मात्र काही केल्या उतरवता येत नाही. तपासायला पुण्याला न्यायचं तर बापाचा दोन दिवसांचा खाडा.

“घरी ठाकरी बोलतात ना ते?” मी म्हटलं. “मग तपासणी कोणत्या भाषेत करतील?”

“मराठीतच की,” ती म्हणाली.