उसनं दुखणं, पण रीतसर

दुखावून घ्यायला स्वतःचा अपमान व्हावा लागतो अशी तुमची समजूत असेल, तर तुम्ही फार मागे राहिलात. स्वतःचा अपमान परवडत नाही. जेवण जात नाही, झोप लागत नाही, आणि उलट बोलायचीही सोय नसते, कारण अपमान करणारा एक तर साहेब असतो, नाही तर सासरा. दुसऱ्याचा अपमान मात्र बिनव्याजी मिळतो. घ्यावा, चार दिवस मिरवावा, कंटाळा आला की ज्याचा त्याला परत करावा.

या धंद्यातलं आम्हा बेळगावकरांना बरंच कळतं. कारण आम्ही यातला कच्चा माल आहोत. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक, राज्यात गेला, आणि तेव्हापासून आमच्या वतीनं दुखावून घेणाऱ्यांचा तुटवडा कधी पडला नाही. एक तुकडी पुण्यामुंबईहून येते, दुसरी बंगळूरहून लाल-पिवळी उपरणी घालून. २०१२ मध्ये आमच्या गावात कर्नाटकाचं दुसरं विधानभवन, सुवर्ण विधानसौध, उभं राहिल्यापासून तर हिवाळी अधिवेशनात दुखावणाऱ्यांची दहा-बारा दिवस राहायची-जेवायची सोयही होते. जाताना सगळे कुंदा नेतात. २०१४ मध्ये बेळगावचं ‘बेळगावी’ झालं तेव्हा दोन्हीकडच्यांना भरून आलं होतं, एकाला रागानं, दुसऱ्याला अभिमानानं. आमच्या घरी त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं, त्यामुळे आम्हाला तिकडे लक्ष देता आलं नाही.

पहिला धडा मला माझ्या पुण्याच्या आतेभावानं दिला. तो दर मे महिन्यात येतो. आल्या आल्या आपल्या पोरांना माझ्यासमोर बसवतो आणि म्हणतो, “ते तुमचं ‘काय करूलालास’ म्हण ना एकदा!” मी म्हणतो. पोरं लोळून हसतात. मग “जेवूलालो” म्हणायचं, मग “होय गा” म्हणायचं. अर्धा तास हा खेळ चालतो. मागच्या खेपेला त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही खडेबाजारात गेलो आणि त्याला दुकानावर नवी पाटी दिसली. २०२४ पासून कायद्यानं पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, त्यामुळे मराठी अक्षरं खाली कोपऱ्यात मुंगीएवढी झाली होती. आतेभाऊ लालबुंद. सकाळी ज्या भाषेला पोट धरून हसला, तिच्यासाठी संध्याकाळी त्याचं रक्त उसळलं. मी सांगायला गेलो की दुकानदार घरी कन्नड बोलणारा असला तरी माझ्याशी जन्मभर मराठीतच बोलतो आणि उधारीची वही तर मराठीतच लिहितो. आतेभाऊ म्हणाला, “तू गप्प बस. तुम्हा लोकांना अन्यायाची सवय झालीय.”

हे नीट लक्षात घ्या. दुखणं ज्याचं असेल त्याला आधी गप्प बसवायचं. तो बोलायला लागला की विषय पाटीवरून उधारीवर जातो आणि दुखणाऱ्याचा सगळा सूर बिघडतो.

विनोद कधीही पूर्ण ऐकू नये. पूर्ण ऐकला तर हसू यायचा धोका असतो, आणि एकदा हसलेला माणूस दुखावलाय हे लोकांना पटत नाही. जातीचं, रंगाचं किंवा भाषेचं नाव आलं की तिथेच उभं राहावं. खुर्ची जराशी मागे सरकल्याचा आवाज यायला हवा. तुकोबांनी कानडी बायको आणि मराठी नवऱ्यावर अभंग केला, ती बिचारी आपल्या भाषेत ‘इकडे ये’ म्हणते आणि हा पळत सुटतो. सीमाभागात राहून या अभंगावर अजून कुणी निवेदन दिलेलं नाही, ही आपल्या सगळ्यांना लाज आणणारी गोष्ट आहे. तुम्ही नवशिके असाल तर तिथूनच सुरुवात करा. तुकोबा उलट उत्तर द्यायला येणार नाहीत.

आता, दुखणं कुणाचं घ्यावं? शेजाऱ्याचं घेऊ नये. त्याला तुमचं सगळं माहीत असतं. घरात कामाला येणाऱ्या बाईचं घ्यायचं असेल तर फार जपून. आमच्या कॉलनीतल्या एका काकूंनी घेतलं होतं. गणपतीत मंडळाच्या नाटुकल्यात मोलकरीण साखर चोरते असा प्रसंग होता. काकू ताडकन उठल्या. “गरिबाची अशी टिंगल? ही विकृती आहे!” मंडळानं स्टेजवरून माफी मागितली, साखरेचा डबा विंगेत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी वर्गणीची पावती द्यायला काकूंकडे गेलो, तर त्यांच्या मावशी मागच्या पायरीवर बसून चहा पीत होत्या, कान तुटलेल्या कपातून. तो कप मग खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर पालथा. त्या कपात विनोद काहीच नव्हता, त्यामुळे दुखावून घ्यायचा प्रश्नच आला नाही. मी घरी आलो आणि आमच्या मावशींचा तो वेगळा स्टीलचा पेला कपाटात आत सरकवून ठेवला. फेकला नाही. चांगला जाड पेला आहे.

तेव्हा दुखणं लांबचं बघावं. फार लांबचंही नको, नाही तर बातमी लागत नाही. आमच्या नशिबानं आम्हाला अगदी बेताच्या अंतरावर सापडलं: खानापूर तालुक्यात.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात हे तुम्हाला माहीत असेल. नसलं तरी आम्हालाही त्या संध्याकाळपर्यंत नीटसं माहीत नव्हतं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांनी पुष्कळांना गुलाम म्हणून गोव्यात आणलं, त्यातले काही निसटून घाटाच्या रानात शिरले ते तिथेच राहिले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, तिन्ही त्यांच्यात आहेत. कोकणी, मराठी, कन्नड, समोरचा जे बोलेल ते बोलतात. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दाखला मिळाला. आमच्या बेळगावच्या आणि धारवाडच्या सिद्दींना तो मिळायला २०२० उजाडलं. मधल्या काळात जिल्ह्याची हद्द ओलांडली की तोच माणूस आदिवासी राहत नव्हता. त्यावर आमच्यापैकी कुणी दुखावल्याचं मला आठवत नाही. त्यातही विनोद नव्हता ना.

विनोद झाला तो आमच्या गल्लीच्या कार्यक्रमात. बाहेरून आणलेला एक नकलाकार तोंडाला बूटपॉलिश फासून स्टेजवर आला आणि हुप्प्या मारत नाचला. लोक हसले. मीही हसलो असेन, अंधार होता. पण कार्यक्रम संपल्यावर आमच्यातल्या एकाच्या लक्षात आलं की हा रंगावरून अपमान आहे. आणि होताच तो, यात शंका नको. रात्री अकरा वाजता चहाच्या गाड्यावर आम्ही सहा जण सिद्दी समाजाच्या वतीनं दुखावलो आणि कमिटी झाली.

एकानं विचारलं, “कोण तरी सिद्दी बोलवूया काय?”

“कशाला? आणि तो हसला म्हणजे?”

मुद्दा बिनतोड होता. मग निषेध कसा करायचा यावर चर्चा. काळ्या फिती लावायचं ठरलं, त्या घरात होत्याच, म्हैसुरात गेल्याच्या निषेधार्थ आम्ही दर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो तेव्हाच्या. एकजण म्हणाला, नकलाकाराच्या फलकाला काळं फासू. सीमाभागात हे हुकमी औषध आहे. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तर पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांवर काळा रंग उडाला. बसला भाषा नसते, पण अपमान होतो. तर, तोंडाला काळं फासल्याच्या निषेधार्थ काळं फासायचं असा ठराव एकमतानं पास झाला. वाचताना काही खटकत असेल तर तुम्ही या कामाला अजून तयार नाही.

सकाळी निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो. मराठीत होतं. टेबलावरच्या माणसानं न वाचताच परत दिलं, “कन्नडदल्ली कोडी.” झालं. आमचं खरं दुखणं तिथे सुरू झालं. जिथे पंधरा टक्क्यांवर अल्पभाषिक आहेत तिथे त्यांच्या भाषेत कागदपत्रं मिळाली पाहिजेत, हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. ते आम्ही म्हणून दाखवलं. १९५६ काढलं, सीमावादावरचा महाजन आयोग काढला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडलेला महाराष्ट्राचा दावा काढला, त्यात मागितलेली आठशे पासष्ट गावं काढली. तासभर आम्ही असे काही दुखावलो की काय सांगू. सिद्दी समाज कागदाच्या घडीत होता. दुपारी जेवायची वेळ झाली तेव्हा कुणाला तरी त्याची आठवण झाली, आणि “एवढ्यापुरतं कन्नडात देऊन टाकू” असं ठरलं.

आता सहापैकी एकालाही कन्नडात धड अर्ज लिहिता येईना. बाजारात भांडण्यापुरतं सगळ्यांना येतं. म्हणून बाहेर झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात गेलो. काउंटरवर पंचविशीचा पोरगा होता. कुरळे केस, रंग आमच्या नकलाकारानं फासला होता त्याहून बरा. आम्ही सहाही जण एकदम नम्र झालो. एकानं त्याला इंग्रजीत विचारलं, कुठल्या देशाचा?

“खानापूरचा हाय की काका. काय टाईप करायचं?”

कागद पुढे सरकवला. तो मराठी वाचत वाचत कन्नडात बडवायला लागला, एवढ्या वेगानं की आमच्या भावना त्याला पुरेनात. मध्येच थांबला.

“काका, हे काळं फासायचं म्हणून लिवलाय ते कुणाला?”

“त्या नकलाकाराच्या फलकाला. त्यानं तोंडाला काळं फासलं होतं म्हणून.”

“मग फासलं की अपमान होतंय?”

“म्हणजे काय! मोठा अपमान.”

“बरं,” तो म्हणाला. “आमी फासूनच आलोय म्हणून विचारलो.” आणि पुढे टाईप करायला लागला. आमच्यातले दोघं हसले, चौघांनी त्यांच्याकडे रागानं बघितलं. हसावं की नाही याचा निर्णय कमिटीत झालेला नव्हता.

खालच्या ओळीवर तो परत अडला. “‘आमच्या भावना दुखावल्या आहेत.’ हे आमच्या म्हणजे कुणाच्या लिवू? कन्नडात ‘नम्म’ घातलं की सगळेच आले.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. शेवटी आमच्यातला वडीलधारा म्हणाला, “आमच्याच लिही.”

त्यानं लिहिलं, प्रिंट काढली, खाली सहा नावं आणि सह्यांसाठी सहा रेघा. कागद हातात देताना म्हणाला, “आणि एक रेघ सोडू काय? मी पण करतो की सही.”

“नको रे,” वडीलधारे म्हणाले, “तू कमिटीत नाहीस.”

“बरं,” तो म्हणाला. “टायपिंगचे साठ झाले. झेरॉक्स किती काढू?”