सिकल सेलमध्ये फायब्रोस्कॅन 7 च्या वर आला म्हणजे लिव्हर गेलं? नाही हो!

एक मेसेज सगळीकडे फिरतोय की सिकल सेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर फायब्रोस्कॅन (लिव्हरचा एक स्कॅन) काढा, 7 च्या वर आला की लिव्हरवर व्रण (जखमेच्या खुणेसारखे कडक चट्टे) झालेच समजा, स्कॅन जमत नसेल तर फिब-4 (रक्ततपासणीवरून काढायचा आकडा) पुरे आणि बायोप्सी (लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासणं) आता कालबाह्य. लोक घाबरून एकमेकांना रिपोर्ट पाठवतायत म्हणून लिहितेय. माझ्या धाकट्या बहिणीला सिकल सेल आहे, या आकड्यापायी आम्हीही रात्री जागून काढल्यात.

पहिलं म्हणजे फायब्रोस्कॅन व्रण मोजतच नाही, कडकपणा मोजतो. बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवून टिचकी मारल्यासारखा धक्का देतात आणि ती लहर लिव्हरमधून किती वेगात गेली त्यावरून किलोपास्कलमध्ये आकडा काढतात, बस. लिव्हर कडक व्हायला व्रणच लागतो असं थोडीच आहे, क्रायसिसमध्ये (आजार अचानक उफाळतो तेव्हा) विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्त तुंबतं, सूज येते, पित्तनळीत खडा अडकला (सिकल सेलमध्ये पित्ताचे खडे सर्रास होतात) किंवा हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण असला तरी आकडा चढतो, अगदी जेवून गेलात तरी. बहिणीचा स्कॅन ती क्रायसिससाठी ॲडमिट असतानाच काढला होता, 13.2 आला, घरात रडारड. दोन महिन्यांनी बरी असताना, तीन तास काही न खाता परत काढला तर 5.9! व्रण दोन महिन्यांत असे विरघळत नाहीत.

आणि 7 च्या आसपासची ती रेघ मुळात हेपॅटायटिस सी च्या पेशंटवरून आलीय, ती सिकल सेलला जशीच्या तशी लावायची कशी?

फिब-4 चं तर विचारूच नका. वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ), असा तो हिशोब; एएसटी, एएलटी ही रक्तात मोजायची लिव्हरची एन्झाइम्स. एएसटी लाल पेशींमध्येही असतं, त्या सिकल सेलमध्ये सारख्या फुटतात, मग लिव्हर ठणठणीत असलं तरी एएसटी वाढतं. उलट प्लीहा निकामी झाली की प्लेटलेट वाढतात, वयही कमी असतं, म्हणजे आकडा खोटा खोटा चांगला दिसतो, आणि हायड्रॉक्सीयुरियानं (सिकल सेलचं औषध) प्लेटलेट उतरल्या की आकडा परत उगाच चढतो. चूक दोन्हीकडून होते, म्हणून ‘नॉर्मल आलं’ यावर पण विसंबू नका.

एमआरआय इलास्टोग्राफी (एमआरआयवर लिव्हरचा कडकपणा मोजणं) चांगली आहे, पण वारंवार रक्त चढवून लिव्हरमध्ये लोह साचलं असेल तर सिग्नलच मिळत नाही, कधी कधी टेस्ट फेल जाते. लोह किती साचलंय ते मात्र एमआरआयवर नीट कळतं, फेरिटिन (लोहाची रक्ततपासणी) तर नुसत्या इन्फेक्शननंही वाढतं.

बायोप्सीबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. ऐन क्रायसिसमध्ये कातडीतून थेट लिव्हरमध्ये सुई घालून केलेली बायोप्सी खरंच धोक्याची, रक्तस्राव होऊन पेशंट दगावलेत. पण म्हणून ती कालबाह्य होत नाही. ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखा (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तो) दुसराच आजार असल्याचा संशय असेल तर स्कॅनवर ते ओळखता येत नाही, तुकडाच बघावा लागतो, आणि त्यासाठी मानेतल्या शिरेतून जायचा मार्ग आहे, त्यात लिव्हरच्या शिरांमधला दाबही मोजता येतो. बहिणीला ती लागली नाही, पण ज्यांना डॉक्टरांनी सुचवलीय त्यांनी निदान या मेसेजच्या भरवशावर रद्द करू नका.