दुधाची तहान ताकावर कशी भागवावी: आरोग्य विमाधारकांना काही उपयुक्त सूचना

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निवृत्त काका आहेत. विम्याबद्दल कुणी कुरकुर केली की त्यांच्यातलं संस्कृत जागं होतं. 'सर्वनाशे समुत्पन्ने अर्धं त्यजति पण्डितः.' सगळंच बुडायची वेळ आली की शहाणा माणूस अर्ध्यावर पाणी सोडतो. दोन महिन्यांपूर्वी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या क्लेमची कर्मकहाणी मी गेल्या आठवड्यात ग्रुपवर टाकली, तर काकांनी हाच श्लोक टाकला, खाली हात जोडलेले दोन इमोजी, आणि पुढे, "सुधारणा होताहेत, हळूहळू होतील. मिळतंय ते घ्यावं." त्यावर एकोणीस अंगठे.

एकोणीस सुशिक्षित माणसं एका सुरात बोलतात तेव्हा चूक माझीच असणार. म्हणून मीही पंडित व्हायचं ठरवलं आहे. अर्ध्यात समाधान कसं मानावं याचा गेले काही दिवस कसून अभ्यास केला, तो तुमच्या चरणी ठेवतो.

तर सुरुवात पेढ्यांपासून करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. नागपूरच्या विमा कर्मचाऱ्यांनी निवेदन दिलं, ते घेऊन गडकरींनी जुलै २०२४ मध्ये आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं की आयुष्याच्या अनिश्चिततेवर कसला कर लावता. मग मंत्रिगट बसला, मग डिसेंबरात जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीत विषय पुढे ढकलला, आणि पत्रानंतर चौदा महिन्यांनी कर गेला. माझा आणि बायकोचा हप्ता गेल्या वर्षी ३५,००० अधिक कर ६,३००, म्हणजे ४१,३०० होता. यंदा कर शून्य. हप्ता ४०,६००. "सर, तुम्हांला पंचावन्नावं लागलं ना, वयोगट बदलला." सातशे रुपये वाचले! त्यात किलोभर पेढे यावेत. नाही आले तर अर्धा किलो आणा, नाहीतरी अर्ध्याचीच सवय करायची आहे. ज्यांचा विमा ऑफिसच्या गटयोजनेतून आहे त्यांच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर जागच्या जागी आहे. त्यांनी आमचे पेढे बघावेत.

दुसरं, लवकरात लवकर साठ वर्षांचे व्हा. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आता नियामकाला विचारावं लागतं. पंचावन्नच्या माणसासाठी कुणाला काही विचारावं लागत नाही.

तिसरं, आपल्या मधुमेहाला समजावून सांगा. आधीपासून असलेल्या आजाराच्या क्लेमसाठी पूर्वी चार वर्षांपर्यंत थांबायला लावत, आता तीन. मधुमेह समंजस असेल तर ऐकेल.

पॉलिसी घ्यायला आता पासष्टची वयोमर्यादाही राहिलेली नाही. ऐंशीव्या वर्षीही मागता येते. मागता येते.

आता मुख्य सूचना. दवाखान्यातून घरी जायच्या दिवशी सोबत भरपूर संयम आणि डबा न्या.

२०२४ च्या मे महिन्यात इर्डानं, म्हणजे विम्याच्या नियामक संस्थेनं, एक जाडजूड परिपत्रक काढलं. कॅशलेसच्या, म्हणजे बिल परस्पर कंपनीनं भरण्याच्या, अर्जावर एका तासात निर्णय, आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर झाला आणि त्यामुळे दवाखान्याचं बिल वाढलं तर वाढीव पैसे विमा कंपनीनं सोसायचे, तेही भागधारकांच्या पैशातून. मी वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. खरंच. बायकोला वाचून दाखवलं होतं.

तर आमचा तो दिवस. साडेनऊला डॉक्टर राउंडला आले, म्हणाले, "आजी, आज घरी." दहा वाजता आईनं स्वतःची साडी मागून घेतली, नेसवून घेतली, वेणी घातली, आणि वॉकर शेजारी ठेवून खुर्चीत बसली. अकराला मी काउंटरवर. "फाइल वॉर्डमधून आली नाही." बाराला फाइल फार्मसीत, क्लिअरन्सला. एकला लंच. दोनला फिजिओथेरपीची नोंद राहिली होती. साडेतीनला फाइल बिलिंगला आली, पण बिलिंगच्या मॅडम दुसऱ्या मजल्यावर होत्या. चारला मॅडम आल्या, पण फाइल दुसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, "अहो, तीन तासांचा नियम आहे." काउंटरवरच्या मुलानं इतक्या दयाळूपणे माझ्याकडे बघितलं की मलाच लाजल्यासारखं झालं. "काका, ते तीन तास आम्ही रिक्वेस्ट पाठवल्यापासून. अजून पाठवलीच नाहीये ना."

रिक्वेस्ट गेली पाच चाळीसला.

सहा वाजून दहा मिनिटांनी क्वेरी आली. रुग्ण बाथरूममध्ये पडल्या तेव्हा त्या मद्याच्या अमलाखाली होत्या किंवा कसे, याचं डॉक्टरांचं पत्र जोडा. आई एकाहत्तर वर्षांची. द्राक्षासवाच्या पुढे तिची मजल गेलेली नाही, तेही बाळंतपणात. डॉक्टर तोवर घरी गेलेले. रेसिडेंट मुलानं बिचाऱ्यानं पत्र लिहून दिलं, शिक्का शोधून मारला. मंजुरी आली आठ पंचवीसला.

पाच चाळीस ते आठ पंचवीस. पावणेतीन तास! नियम तंतोतंत पाळला गेला, वर पंधरा मिनिटं शिल्लक. विमा कंपनी बरोबर, कारण तिचं घड्याळ पाच चाळीसला सुरू झालं. दवाखाना बरोबर, कारण त्याला घड्याळच नाही. इर्डा विमा कंपन्यांवर आहे, दवाखान्यांवर तिचा काडीचा अधिकार नाही. म्हणजे सुधारणेच्या कात्रीला एकच पातं आहे. दहा वाजल्यापासून साडी नेसून बसलेल्या बाईचे सात तास चाळीस मिनिटं कुणाच्याच खात्यात नाहीत. आणि बिलातले पाच दिवस मोजले ना, त्यातला पाचवा दिवस हा, वाट बघण्याचा. ७,५०० रुपये.

चिडायचं नाही असं ठरवलं होतं. पुढची सूचना.

बिल वाचू नका. मी वाचलं, तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. एकूण २,८६,४००. आईची पॉलिसी पाच लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे पाच हजार. खोली मिळाली साडेसात हजारांची, कारण भरती झाली त्या रात्री 'तीच रिकामी होती'. मग भाड्यातले १२,५०० कापले, ते ठीक, मर्यादाच होती. मग सर्जन, भूल देणारे, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून एक लाख वीस हजार, त्यालाही तीच एक-तृतीयांशाची कात्री, ४०,००० गेले. खोली महाग घेतली म्हणून खुब्याचे पैसे कापायचे, हे तर्कशास्त्र ज्यानं शोधलं त्याला साष्टांग नमस्कार. पण तेही पॉलिसीत लिहिलेलं आहे, सव्वीस नंबरच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. मग हातमोजे, मास्क आणि न मागता दिलेलं ॲडमिशन किट, ज्यात एक कंगवा आणि बोटभर टूथपेस्ट होती, असं सगळं 'देय नाही' म्हणून १८,९००. कृत्रिम सांध्याचे ६२,००० मात्र पूर्ण दिले, मान्य. आणि शेवटी औषधं आणि तपासण्या, ४८,०००. त्यातलेही एक-तृतीयांश कापले. सोळा हजार.

हे मात्र चालत नाही. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना खोलीभाड्याच्या प्रमाणात कात्री लावायची नाही, असं इर्डानं २०२० मध्येच सांगून ठेवलंय. मी तसं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, परिपत्रकाचं पान जोडलं. गेल्या आठवड्यात उत्तर आलं. चुकलं, असा शब्द नाही. 'सद्भावना म्हणून एकरकमी ८,००० रुपये, पूर्ण व अंतिम समझोता.' सोबत सही करायचा कागद. वर फोनही आला, गोड आवाजाची मुलगी. "सर, नाहीतर केस क्लोज होईल, मग काहीच मिळणार नाही. अर्धं तरी घ्या ना सर."

सोळाचे आठ. माझ्याच पैशातले अर्धे मला, सद्भावना म्हणून. काकांचा श्लोक कंपनीच्या कॉल सेंटरलाही पाठ आहे!

आणखी एक सूचना आईच्या वयाच्या लोकांसाठी. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून. आईचं काढलं आहे, फोटो छान आलाय. "आमच्याकडे ती योजना नाही," दवाखाना म्हणाला. कार्ड देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आहे.

दवाखान्यांविषयी सूचना करत नाही, कारण त्यांच्या बाबतीत अर्धंही काही झालेलं नाही. भरतीच्या टेबलावर पहिला प्रश्न कोणता असतो, तुम्हांला ठाऊक आहे. त्याचं उत्तर 'हो' आलं की पुढे काय होतं, तेही ठाऊक आहे. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा, महाराष्ट्रानं तो घेतलाच नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होमचा कायदा आहे, त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायची सक्ती आली. लावलंय ना! आमच्या दवाखान्यात फ्रेम करून लावलंय, काउंटरच्या मागच्या भिंतीवर, आणि बरोबर त्याच्यासमोर मनीप्लांटची कुंडी. दर लावायची सक्ती आहे, किती लावायचा याची नाही. मग विम्याचं कवच पाचाचं दहा लाख करा नाहीतर वीस, जेवढी झोळी मोठी तेवढं बिल मोठं, आणि पुढच्या वर्षी हप्ता वाढला की म्हणायचं, 'वैद्यकीय महागाई'. जणू ती पावसासारखी आभाळातून पडते. ती काउंटरवर छापली जाते हो, माझ्यासमोर छापली, डॉट मॅट्रिक्सवर, कर्रर्र आवाज करत.

कितवी सूचना चालली होती? जाऊ द्या.

खरं सांगतो आता, हे पंडितपण मला जमत नाही. अर्धं घ्यायला माझी ना नाही. कर गेला, बरं झालं, सातशे तर सातशे. चाराची तीन वर्षं झाली, कुणाचा तरी बायपास त्या एका वर्षात बसला असेल, त्याच्या घरच्यांना विचारा त्याची किंमत. दगडापेक्षा वीट मऊ हे मलाही कळतं. सगळं मिळेपर्यंत काहीच नको म्हणणारा मी नाही, तसं म्हणायला आईचा खुबा थांबणार नव्हता. अर्धं घ्या. पण पावतीवर 'पूर्ण व अंतिम' का लिहून देता? उरलेल्या अर्ध्याचं नावच काढायचं नाही, हा कुठला व्यवहार? किराणावाल्याकडे किलोचे पैसे देऊन अर्धा किलो साखर घेऊन आलात कधी? दुकानात उभे राहून भांडाल! मटार सोलून घरी वजन करणारी माणसं आपण, आणि इथे सोळा हजारांवर पाणी सोडून वर हात जोडलेले इमोजी टाकता?

आणि ते एकोणीस अंगठे. तुमच्यातल्या किती जणांनी पॉलिसी उघडून बघितली आहे? खोलीभाड्याची मर्यादा विचारली तर तीन जणांनाही सांगता येणार नाही. एजंट म्हणाला, "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल," तेव्हा मान कुणी डोलावली? क्लेम कापला की दोन दिवस चरफडायचं, तिसऱ्या दिवशी "कुठे नादी लागता" म्हणून सही करायची, आणि चौथ्या दिवशी दुसऱ्याला श्लोक ऐकवायचा. तुमच्या या चौथ्या दिवसावरच त्यांचा धंदा चालतो. दहापैकी नऊ जण सही करणार हे त्यांना माहीत नसतं, तर आठ हजारांचा आकडा आला असता का?

काका, तुम्हांलाही सांगतो, वयाचा मान ठेवून. तो श्लोक सर्वनाशाच्या वेळेसाठी आहे. बुडत्या माणसानं काय करावं ते त्यात सांगितलंय. आपल्याला बुडवणाऱ्याच्या तोंडी तो घालायला नाही सांगितलेलं.

विमा लोकपाल नावाचं एक पद आहे. पुण्याचं ऑफिस नारायण पेठेत आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तिनं नाकारलं, महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, की वर्षाच्या आत तिथे जायचं. फी नाही. वकील लागत नाही, चालतही नाही. पन्नास लाखांपर्यंत निवाडा देता येतो, आणि कंपनीनं तो तीस दिवसांत पाळला नाही तर दिवसाला पाच हजार रुपये दंड, तोही तुम्हांला. हा दंड त्याच २०२४ च्या परिपत्रकात आहे, जे मी बायकोला वाचून दाखवलं होतं. म्हणजे मिळालेल्या अर्ध्यातसुद्धा हे होतं. तुम्ही तेही उचलत नाही.

कंपनीच्या कागदावर मी सही केलेली नाही. गुरुवारी साडेदहाला मी नारायण पेठेत जाणार आहे. बिल, कपातीचा तक्ता, २०२० च्या परिपत्रकाचं पान आणि तो सद्भावनेचा कागद, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढल्या आहेत. ग्रुपवरच्या निदान चौघांचे क्लेम असेच कापलेले आहेत, मला माहीत आहे, लिफ्टमध्ये तुम्हीच सांगितलंय. माझ्या गाडीत तीन जागा आहेत. मघाशी ग्रुपवर विचारलं.

दोन जणांनी अंगठा दाखवलाय. येणार की नाही, ते कुणीच लिहिलेलं नाही.