‘एनआरव्ही बसवला की विषय संपतो’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘त्रस्त चेअरमन’ महाशय,

इमारतीतलं पाणी उलटं फिरून पालिकेच्या लाइनीत कसं शिरतं, या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती इथे देतो (एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप): “घाबरवायचा धंदा बंद करा. ३०० रुपयांचा एनआरव्ही बसवला की विषय संपतो. आमच्याकडे १२ वर्षं बसलाय, कुणाला काही झालं नाही. घाण पालिकेच्या फुटक्या पायपातून येते, आमच्या टाकीतून नाही. आकृतीही चुकलीय. पुस्तकं वाचून प्लंबर होता येत नाही.”

‘धंदा’ हा शब्द लागला, म्हणून आधी तोच घेतो. मी व्हॉल्व्ह विकत नाही. लेखात ज्याची शिफारस होती ती हवेची फट आहे, म्हणजे पायपाचं तोंड आणि टाकीतलं पाणी यांतलं मोकळं अंतर, आणि ती अजून कुठल्या दुकानात मिळत नाही. पुस्तकांचं म्हणाल तर २७ वर्षं हातात पान्हा आहे, पुस्तकं नंतर आली. खाली नाव न घालता असं लिहिणं सोपं असतं.

आकृतीचं मान्य. ओव्हरफ्लोचा पाइप मी आत येणाऱ्या पायपाएवढाच काढला होता. तो निदान एक साइज मोठा हवा: २५ मिमीच्या लाइनीला ३२चा, ४०च्या लाइनीला ५०चा. आकृती बदलली आहे. हेच ‘अहो, इथे बघा’ म्हणूनही सांगता आलं असतं.

आता ते वाक्य. एनआरव्ही बसवला की विषय संपतो.

एनआरव्हीत असतं काय? पितळी डबीत बिजागरीवर लटकलेली एक झडप. समोरून पाणी आलं की उचलते, उलटं आलं की बैठकीवर टेकते. हे झालं दुकानात. आपल्याकडे पाणी दिवसातले काही तास. चावीवाल्याने चावी फिरवली की आधी हवा, मग गंज आणि रेती, मग पाणी. रेती बैठकीवर राहते. शिवाय आटे पाडताना उरलेला लोखंडाचा कीस, टेफलॉन टेपची शेपटी, सुताचे धागे. टेपचा एक पदर मधे अडकला तरी झडप केसभर उघडी राहते, आणि केसभर फटीतून रात्रभर पाणी जात राहतं. बोअरचं जड पाणी असेल तर बिजागरीवर क्षार चढून झडप अर्ध्यातच अडते. उलटा दाब अगदी कमी असला, टाकीतल्या हातभर पाण्याएवढा, तर नवी झडपही घट्ट दाबली जात नाही. आणि उभ्या पायपात, पाणी खाली जात असेल तिथे ती बसवली असेल (हे मुळीच दुर्मिळ नाही), तर ती कायम उघडीच लटकते. डबीवरचा बाण बरोबर दिशेला असूनही.

गळका एनआरव्ही आणि धडका एनआरव्ही बाहेरून सारखेच दिसतात. ‘१२ वर्षं बसलाय’ यावरून तो बसलाय एवढंच कळतं.

म्हणूनच बाहेरच्या अनेक देशांत साध्या एनआरव्हीला यासाठी धरतच नाहीत. तिथे किमान दोन स्प्रिंगच्या झडपा एकामागे एक असतात, दोन्ही टोकांना बंद करायचे व्हॉल्व्ह आणि तपासणीसाठी चार छोटे नळ. धोका जास्त असेल तिथे आरपीझेड (रिड्यूस्ड प्रेशर झोन) उपकरण: दोन झडपांच्या मधे एक सुटका-व्हॉल्व्ह, जो मधल्या भागातला दाब आवकीच्या दाबापेक्षा कायम कमी राखतो. झडप गळली की पाणी बाहेर जमिनीवर सांडतं, सगळ्यांना दिसतं. म्हणून तो जमिनीपासून निदान ३०० मिमी वर बसवायचा. पाणी तुंबणाऱ्या चेंबरमध्ये बसवला तर सुटकेच्या तोंडातून गटाराचंच पाणी आत येईल. आणि ही उपकरणं दरवर्षी तपासली जातात.

तुमच्याकडे हा महागडा प्रकार लागणारही नाही. पण बोअरची लाइन आणि पालिकेची लाइन एकाच पायपाला जोडून मधे एनआरव्ही ठेवला आहे का, ते बघा. प्रेशर पंप ३ किलो दाबावर चालतो, म्हणजे ३० मीटर उंच पाण्याएवढा दाब. रस्त्यातल्या लाइनीत ७ मीटर असले तर नशीब. २३ मीटरचा फरक ती एक झडप अडवून धरते, आणि पालिकेचं पाणी गेलं की पूर्ण ३०. मोठ्या सोसायट्यांत याहून वाईट असतं: एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी फ्लशला, ते कमी पडलं तर ताजं पाणी त्याच टाकीत, आणि ताज्या पाण्याचा पाइप टाकीत बुडालेला. तिथे एनआरव्हीचं नावही काढू नका.

तिथे हवेची फटच हवी. आत येणाऱ्या पायपाचं तोंड आणि पाण्याची सर्वांत वरची पातळी यांत पायपाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर, आणि २५ मिमीपेक्षा कमी कधीच नाही. २५च्या पायपाला ५० मिमी, ४०ला ८०. पाइप भिंतीला चिकटून असेल तर तिप्पट. मोजायचं ते ओव्हरफ्लो वाहत असताना. बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) खाली दाबून धरा, पाणी जिथपर्यंत चढतं तिथून मोजा. टाकी भरताना आवाज होतो म्हणून पायपाला तुकडा जोडून तो तळाशी नेलेला असतो. तो तुकडा कापून टाका. लाइन रिकामी झाली की तोच सायफन होतो, टाकीतलं पाणी उलटं लाइनीत ओढतो. भुयारी टाकीत आणखी एक गोची आहे: ओव्हरफ्लो जमिनीखाली निघतो आणि पावसाळ्यात त्यातूनच चेंबरचं पाणी आत येतं. टाकीचं तोंड जमिनीच्या ३०० मिमी वर उचलून घ्यावं लागतं. खर्च आहे, मान्य.

‘कुणाला काही झालं नाही’ याला १९३३चं शिकागो पुरे. जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी तिथल्या दोन हॉटेलांत जुन्या, सदोष पायपांतून सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं, अमिबाचा आव पसरला, ९८ माणसं गेली. पाहुणे आजारी पडले ते आपापल्या गावी परतल्यावर, त्यामुळे सगळ्यांचं मूळ एकच आहे हे कळायलाच वेळ गेला. तुमच्या लाइनीतलं पाणी पुढच्या गल्लीत जातं. तिथल्या जुलाबाची नोंद तुमच्या मीटिंगच्या वहीत कशी येईल?

पालिकेच्या फुटक्या पायपांबद्दल: असतील. त्यावर पालिकेला लिहा, माझा लेख त्यावर नव्हता.

तुमच्या एनआरव्हीची परीक्षा मात्र जवळजवळ फुकट होते. त्याच्या रस्त्याकडच्या बाजूला १५ मिमीचा टी (फाटा काढायचा तुकडा) आणि नळ लागेल, त्याच्याही आधी गेट व्हॉल्व्ह. गेट बंद करा, इमारतीच्या बाजूला दाब आहे याची खात्री करा (दाब नसेल तर या परीक्षेतून काहीच कळत नाही), नळ उघडून खाली बादली ठेवा. साचलेलं ओंजळभर पाणी येऊन धार थांबली पाहिजे. १० मिनिटांनंतरही थेंब चालू असतील तर युनियन (पायपाचा सुटा होणारा जोड) खोला, झडप बाहेर काढा आणि तिचा फोटो इथेच खाली टाका. तुमच्या नावाशिवाय टाकलात तरी चालेल, सवय आहेच.