तर्री, तरी आणि आंबा

आमचे साडू नाना यांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कोथरूडला मिसळीचं हॉटेल काढलं. गाळा मिळाला, कोल्हापूरचा आचारी मिळाला. नाव तेवढं राहिलं होतं. एका दिवाळी अंकात माझा दीड पानी लेख आला होता, तेव्हापासून घरातली बारशी माझ्याकडे असतात.

नानांना 'साईकृपा' हवं होतं. मी म्हटलं, "नाना, पुण्याहून नगरला निघू. डावीकडची साईकृपा तुम्ही मोजा, उजवीकडची मी मोजतो." मग मी ठाण्याच्या मामलेदार मिसळीचा दाखला दिला. मामलेदार कचेरीजवळची म्हणून ती मामलेदार. डोकं चालवायची गरजच नाही. नानांनी खिडकीतून वाकून पाहिलं. "आपल्या शेजारी दंतवैद्य आहे."

मी 'तर्री' सुचवलं. आचारी म्हणाला, "हे नागपूरकडचं. आमच्यात कट म्हणत्यात." पण 'कट' लिहिलं तर लोक दाढी करायला येतील, या भीतीनं 'तर्री'च ठरलं. ट्रेडमार्कला ४३ व्या, म्हणजे हॉटेलांच्या वर्गात अर्ज करायचा, एकट्या माणसाला ४,५०० रुपये फी, हे ऐकल्यावर नाना म्हणाले, "आमच्या बंड्याच्या बारशाला एवढे लागले नव्हते!"

लोगोसाठी भाचीची मैत्रीण आली. ओळखदेख झाली आणि तिनं लॅपटॉप उघडला. "काका, तुमचा ब्रँड माणूस असता तर कसा असता?"

"जामीनदार असलेला," नाना म्हणाले. तेहतीस वर्षं कर्ज विभागात काढलेला माणूस दुसरं काय सांगणार!

पाटीवर 'स्थापना १९६८' हवीच, हा नानांचा हट्ट. हॉटेल तर अजून उघडायचं होतं. "माझी स्थापना," ते शांतपणे म्हणाले. 'आमची कोठेही शाखा नाही' हेही त्यांना पाहिजे होतं. ताईंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं विचारलं, "मूळ तरी आहे का अजून?" तिथे तो विषय संपला.

मराठी अक्षरं आधी, आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, हा पाट्यांचा कायदा. आम्ही इंग्रजीला जागाच ठेवली नाही. एवढं करूनही मराठीनंच दगा दिला. त्या मुलीच्या लपेटदार अक्षरात रफार वेलांटीच्या वळणात जो शिरला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. उद्घाटनाला पहिलंच गिऱ्हाईक पाटीखाली थबकलं. "तरी मिसळ? म्हणजे नको म्हटलं तरी?" (पुण्यात गिऱ्हाईक आधी पाटी तपासतं, मग पोट.)

लोगो म्हणजे तर्रीचा एक टपोरा, केशरी थेंब, वर कोथिंबिरीचं एक पान. मूडबोर्ड का काय त्यावर तो झकास दिसत होता. दोन फूट उंचीच्या प्रकाशित बोर्डावर चढला आणि सासूबाई खालून म्हणाल्या, "आंबा छान काढलाय हो."

त्यानंतर आम्हाला कुणालाच तो थेंब दिसेना. रिक्षावाले 'आंबा मिसळ' म्हणू लागले. एक आजोबा पिशवी घेऊन आले, देवगडचा आहे की रत्नागिरीचा विचारलं, आणि मिसळ आहे म्हटल्यावर आम्हीच त्यांना फसवल्यासारखे बघत निघून गेले. बोर्ड बदलायचा खर्च नानांनी वहीत मांडला, खोडला, पुन्हा मांडला.

परवा अक्षय्यतृतीयेला गेलो होतो. गल्ल्याशेजारी गवतात लावलेल्या हापूसच्या सहा पेट्या होत्या.

"मिसळ?" मी विचारलं.

"आहे ना," नाना म्हणाले, "बाजूला सरक, गिऱ्हाईक आहे."