सारा चर्चिल, अ‍ॅन राणी आणि न पाजलेलं विष

इंग्लंडची मठ्ठ राणी अ‍ॅन, तिच्या आडून राज्य हाकणारी सरदारीण, आणि सरदारणीला विष पाजून तिची जागा बळकावणारी दासी; शेवटी सरदारणीवर अफरातफरीचा आरोप आणि हद्दपारी. 2018च्या ‘द फेव्हरिट’ या गाजलेल्या चित्रपटानंतर मार्लबरोची डचेस सारा चर्चिल हिची गोष्ट अशीच फिरते आहे, वर ‘सत्य इतिहास’ असा शिक्का मारून.

विषप्रयोगाला काडीचा पुरावा नाही. चित्रपटात राणीच्या शयनगृहात बागडणाऱ्या सशांचंही तेच. तेव्हा ससा ताटात असायचा. आणि राणीचा नवरा, प्रिन्स जॉर्ज, या गोष्टीतून गायबच आहे. तो ऑक्टोबर 1708पर्यंत हयात होता.

‘राज्य साराच चालवायची’ हा दावा जास्त पसरलेला. तिचं वजन होतं, यात शंका नाही. दोघींची मैत्री लहानपणापासूनची. पत्रांत टोपणनावं: राणी ‘मिसेस मॉर्ली’, सारा ‘मिसेस फ्रीमन’. 1702मध्ये अ‍ॅन गादीवर आली आणि पोशाखखाना, खासगी तिजोरी, सगळं साराकडे गेलं. पण व्हिग आणि टोरी हे तेव्हाचे दोन राजकीय पक्ष; सारा कट्टर व्हिग, राणीचा ओढा टोरींकडे. आपला जावई संडरलंड मंत्री व्हावा म्हणून सारानं 1706मध्ये राणीच्या मागे धोशा लावला. राणीनं कित्येक महिने दाद दिली नाही, अखेर नाइलाजानं मानलं आणि 1710मध्ये त्याला काढूनही टाकलं. कळसूत्री बाहुली असं वागत नाही.

दासी म्हणजे अ‍ॅबिगेल हिल, साराचीच गरीब आतेबहीण. तिला दरबारात सारानंच आणलं. तिच्यावर राणीचा जीव जडला हे खरं, पण साराला बुडवलं ते तिच्या स्वतःच्या जिभेनं. ऑगस्ट 1708मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स चर्चमध्ये विजयाची प्रार्थना होती. सारानं काढून ठेवलेले दागिने राणीनं घातले नाहीत, म्हणून वाटेत भांडण जुंपलं आणि चर्चपाशी सारानं राणीलाच गप्प बसायला सांगितलं. चारचौघांत, राणीला! जानेवारी 1711मध्ये पदं गेली तेव्हाही अ‍ॅबिगेलला मिळाली फक्त खासगी तिजोरी. मोठी दोन पदं डचेस ऑफ सॉमरसेटकडे गेली.

राणी आणि अ‍ॅबिगेल यांच्या शेजेची कुजबुज? व्हिग गोटातून तसं एक कवन निघालं होतं, आणि त्याचा विषय खुद्द राणीला लिहिलेल्या पत्रात सारानंच काढला. म्हणजे साक्षीदार कोण, तर दुखावलेली फिर्यादी. राणीच्या मठ्ठपणाचं चित्रही बरंचसं साराच्याच लेखणीतलं. तिच्या आठवणी छापून आल्या 1742मध्ये, राणी जाऊन 28 वर्षांनी.

हद्दपारी कुणी केली नाही. साराचा नवरा सेनापती होता; त्याचं पद गेलं, तो युरोपात निघून गेला, 1713मध्ये तीही आपणहून गेली आणि राणी वारल्यावर ऑगस्ट 1714मध्ये परतली.

राहिला अफरातफरीचा आरोप. राणीनं वर्षाला 2,000 पौंड देऊ केले होते, ते सारानं आधी नाकारले. नोकरी जाताना मात्र नऊ वर्षांचे 18,000 पौंड हिशेबात वळते करून घेतले. राणीनं त्यावर सही केली. बदनामीच करायची तर त्यापेक्षा हे सांगा: सेंट जेम्स राजवाड्यातल्या खोल्या सोडताना, पैसे आपण भरलेत म्हणून, दारांची पितळी कुलपं बाईंनी काढून घ्यायला लावली.